दहापैकी चार

त्या दिवशी मिरजेवर सकाळपासून मळभ होतं. ऊन नाही, पाऊस नाही, वारा तर नावालाही नाही. सतारीसाठी वाळत घातलेले दस्तगीरचाचांचे भोपळे ओसरीवर ओलसरच पडून होते.

"मग माझं चुकलं कुठं, चाचा? तेवढं सांगा."

निरगुडे सर तिसऱ्यांदा हेच विचारत होते. हातात एक वही होती.

सरांचं घर आणि चाचांचं सतारी बनवायचं दुकान, मधे एकच भिंत. भिंतीपलीकडं सर बायकांचा इंग्रजीचा क्लास घ्यायचे. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, शेवटी पूर्णविराम, गाळलेल्या अक्षराच्या जागी वरती छोटा स्वल्पविराम. यात कुणाला सूट नाही. त्यांच्या लाल पेनाचा गल्लीत दरारा होता.

संध्याकाळी मात्र हेच सर चाचांपुढं मांडी घालून सतार जुळवायला शिकत. दोन वर्षं झाली होती. चाचा अंगठेबहाद्दर. सरांना त्यांनी चड्डीत हिंडताना बघितलेलं. "मास्तर, तुझा हात तयार झाला, कान राहिलाय," एवढंच म्हणायचे.

वही वैजयंता ऐवळेची होती. दवाखान्यात आया म्हणून लागायचं होतं तिला, म्हणून इंग्रजी शिकत होती. मागच्या सोमवारी ती जिन्यावरून पडून वारली. नवरा म्हणाला, पाय घसरला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. आज तिची आई वही न्यायला येणार होती. लेकीच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

चाचांनी एक भोपळा उचलला. बोटानं टकटक केलं, कानाशी धरला. दिसायला देखणा होता. बाजूला टाकला.

"वाच," ते म्हणाले.

"काय?"

"वहीतलं. मला कुठं येतंय."

सरांनी पान काढलं. "डोन्ट, कान्ट, वोन्ट वापरून वाक्यं लिहायला दिली होती. दुसऱ्याच वाक्यात 'आय' लहान काढलाय. 'मी' म्हणजे 'आय', तो कायम मोठा लिहायचा."

"इंग्रजीत प्रत्येकजण मोठा?"

"नियमच आहे तसा. मग पूर्णविराम नाही. तिसऱ्यात 'कान्ट'वर स्वल्पविराम नाही. चौथ्यात..."

"हे तुझं झालं. तिचं वाच."

सर मराठी करत करत वाचू लागले.

"माझा नवरा मला मारतो."

"थांबलास का?"

"इथं पूर्णविराम दिलाय मी."

"तिनं दिला होता?"

"नाही."

"मग तूही नको थांबू."

सरांनी पुन्हा सुरुवात केली. "माझा नवरा मला मारतो मला रात्री झोप येत नाही मी आईला सांगू शकत नाही तो मला सोडणार नाही सर मी घरी जाऊ शकत नाही..."

वाचून झालं तेव्हा सरांना धाप लागली होती.

"मग तू काय केलंस?"

"सगळं नीट केलं. लाल पेनानं. दहापैकी चार दिले." सरांनी वही मिटली. "खाली शेरा लिहिला... काळजी घेत जा, म्हणून."

"ती काय म्हणाली?"

"पान बघितलं. थँक्यू सर म्हणाली. वही बाकावरच ठेवून गेली. मला वाटलं, विसरली."

चाचांनी दुसरा भोपळा मांडीवर घेतला. वाजवला नाही. नुसता धरून बसले.

"चाळीस वह्या असतात, चाचा. मी वाक्यं नाही बघत, चुका बघतो." सरांचा आवाज चढला. "आणि तिनं तोंडानं का नाही सांगितलं? मराठीत का नाही लिहिलं? मी काय खाल्लं असतं तिला?"

"क्लासला एकटी यायची?"

"नवरा सोडायचा, नवराच न्यायचा. दारातच वही चाळून बघायचा."

"त्याला इंग्रजी येतं?"

"छे."

"सासूला?"

"नाही."

"तिच्या आईला?"

"चाचा, दोन्ही घरांत मिळून कुणालाच..."

सरांनी हातातल्या वहीकडं बघितलं.

पलीकडच्या गल्लीत कुणीतरी भांडी घासत होतं.

"पान काढून टाकतो," सर हळूच म्हणाले. "म्हातारीला कळणारसुद्धा नाही. दिलं तर उद्या पोलीस मलाच विचारतील, तुम्ही वाचलं होतं ना, मग? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. क्लास तर बुडालाच."

चाचांनी भोपळा चिरायचं पातं उचललं आणि सरांपुढं सरकवलं.

"धार आहे त्याला. नीट काप. वहीची शिवण उसवू नको."

सरांनी पातं घेतलं. पान उघडलं. पातं शिवणीवर टेकवलं...

हात तिथंच राहिला.

पायरीवर चप्पल वाजली. वैजयंताची आई आली होती. पदराला हात पुसले आणि पुढं केले. सरांनी पातं खाली ठेवलं, वही दिली. तेच पान उघडं होतं.

म्हातारीनं लाल शाईवरून बोट फिरवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश.

"एवढं लाल," ती म्हणाली. "लई शाबासकी दिली वाटतं सरांनी माझ्या लेकीला?"

सरांनी चाचांकडं बघितलं.

चाचांनी ओसरीच्या बाकावरचे भोपळे एकेक करून खाली उतरवले. दोन माणसांपुरती जागा झाली.

"त्यांना बसू दे, मास्तर," चाचा म्हणाले. "मग पहिल्यापासून वाच. मधे थांबू नकोस."