गिरणीच्या मोटारीसाठी पोकर

भोळ्या माणसांची टंचाई कुठल्याच गावाला नसते. बोरवाडीच्या वाट्याला निवृत्ती आला होता. त्याची पिठाची गिरण होती. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. घोटाळा तिथेच होता.

एकदा गिरणीची मोटार जळाली. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. बाया चकलीची भाजणी दळायला शेजारच्या गावी जाऊ लागल्या.

"एकदा गिऱ्हाईक तिकडे वळलं की परत येत नाही," अनसूया म्हणाली. ही निवृत्तीची बायको. त्या घरातली सगळी अक्कल तिच्याच ताब्यात होती.

तिचा भाऊ रंगनाथ तालुक्याला मोबाईल दुरुस्त करायचा. बहिणीची अडचण ऐकून तो धावून आला. मोटार घेऊन नव्हे, सल्ला घेऊन.

"दाजी, मोबाईलवर पोकरची स्पर्धा असते. पत्त्यांचा खेळ. हजार माणसं, शेकडो टेबलं. डावावर लावायला सगळ्यांना सारख्या चकत्या मिळतात. ज्याच्या संपल्या तो बाहेर. शेवटी उरेल त्याला बक्षीस. नवी मोटार येईल त्यात! माझ्याकडे फुकट प्रवेशाची दोन कूपनं आहेत."

"मग तूच का खेळत नाहीस?" अनसूयाने विचारलं.

"ताई, मी मार्गदर्शन करतो."

रंगनाथने आजवर एकही स्पर्धा जिंकली नव्हती. त्यामुळे शिकवायला त्याच्याकडे वेळच वेळ होता.

"नियम एकच, दाजी. घाई करायची नाही. पानं येतील, टाकून द्यायची, डाव सोडायचा. दम धरायचा."

निवृत्ती दम धरून बसला. पानं आली, टाकली. आणखी आली, तीही टाकली. मग मोबाईलवर अक्षरं उमटली : 'तुमचं टेबल बदललं आहे.' निवृत्ती उठला आणि शेजारच्या गुरुजींच्या टेबलाशी जाऊन बसला. गुरुजी वह्या तपासत होते.

"काय रे?"

"टेबल बदललं, गुरुजी."

गुरुजी सरकून बसले. निवृत्तीला दोन एक्के आले. याहून भारी पानं त्या खेळात नाहीत. त्याने तीही टाकली.

आता या खेळात न खेळणाऱ्यालाही पाळी आली की थोड्या चकत्या मधे टाकाव्याच लागतात. उंदरांनी पोतं कुरतडावं तशा निवृत्तीच्या चकत्या संपल्या. तो बाहेर पडला.

"एकही डाव हरलो नाही!" त्याने घरी येऊन सांगितलं.

"हराल कसे? खेळलातच कुठे?" रंगनाथने कपाळावर हात मारला. "अहो दाजी, चांगलं काही हाती आलं की सगळंच्या सगळं पुढे लोटायचं! मागे दाणा ठेवायचा नाही."

"हे आधी सांगायचं ना," निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दारात भंगारवाला आला.

"मालक, जुना तराजू देता का? चांगला भाव देतो."

चांगला भाव! निवृत्तीने तराजू पुढे लोटला. मागून चाळण्या लोटल्या. डबे लोटले. गिरणीचे दगड लोटले. शेवटी अनसूयाचं शिलाई मशीन लोटलं.

"या सगळ्याचे किती?" भंगारवाल्याने विचारलं.

"तराजूचेच द्या. मला मागे काही ठेवायचं नाही."

भंगारवाला सज्जन माणूस. जास्त चौकशी न करता त्याने सगळं टेम्पोत भरलं. अनसूया वेशीपर्यंत टेम्पोमागे पळाली, तेव्हा कुठे संसार परत आला.

"अहो, त्याने तराजूचं विचारलं होतं ना?" ती धापा टाकत म्हणाली. "माणसाने विचारलं तेवढंच बोलावं. खरंखरं सांगावं आणि गप्प बसावं."

"हे आधी सांगायचं ना," निवृत्ती म्हणाला.

रविवारी दुसरं कूपन निघालं. आता हेच शेवटचं. या खेळात बसलेल्यांना एकमेकांना लिहूनही बोलता येतं. एकाने सहज खोडी काढली, "काका, पानं कोणती?"

निवृत्तीने लिहिलं, "दोन राजे."

सगळे हसले. एवढं उघड कोण सांगतं? दोघांनी आपल्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या. निवृत्तीकडे दोन राजेच होते.

"आता काय आहे, काका?"

"काही नाही. दुरी आणि सत्ती."

"आता नाही फसायचो!" म्हणून सगळ्यांनी पानं टाकली. निवृत्तीची दुरी-सत्ती जिंकली. ज्या खेळात सगळेच थापा मारतात, तिथे खरं बोलणाऱ्याचा काय धाक! दुपार कलेपर्यंत हजारातले नऊ उरले. त्यात निवृत्ती होता.

तेवढ्यात रंगनाथ डोकावला. निवृत्ती लिहीत होता, "गुलाम आणि चौकी." रंगनाथने मोबाईलवर हात ठेवला.

"दाजी, काय करताय हे! कुणी कितीही खोदून विचारलं तरी आपलं काही उघड करायचं नाही. नाव नाही, गाव नाही. चेहरा तर मुळीच नाही! दगड व्हायचं, दगड!"

"हे आधी सांगायचं ना," निवृत्ती म्हणाला.

रंगनाथ पेढे आणायला गेला. निवृत्ती दगड झाला. बडबडणारे काका एकाएकी गप्प झाले म्हणून बाकीचे घाबरले. घाबरून वेडंवाकडं खेळले. आठही जण गेले. मोबाईलवर फुलं उधळली : 'अभिनंदन! तुम्ही पहिले आलात!'

अनसूयाने देवापुढे साखर ठेवली आणि ती तडक मोटारवाल्याला बोलवायला निघाली.

इकडे फुलांखाली नवी अक्षरं आली : 'बक्षिसासाठी आपलं नाव लिहा आणि चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा. संधी तीन.'

निवृत्ती गालातल्या गालात हसला. खोदून विचारतात म्हणतात ते हे.

पहिल्या संधीला त्याने कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला. दुसऱ्या संधीला डोक्यावरून घोंगडी घेतली. तिसऱ्या संधीला कॅमेऱ्यासमोर पिठाचा डबा धरला. नावाची जागा कोरीच ठेवली.

'ओळख पटली नाही. बक्षीस रद्द.'

थोड्या वेळाने अनसूया मोटारवाल्याला घेऊन आली. रंगनाथ पेढे घेऊन आला.

"दाजी, जिंकलात ना?"

"जिंकलो."

"मग बक्षीस?"

निवृत्तीने दार लोटून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कंपनीने तीनदा विचारलं रे. पण जिंकलं कोण, ते मी तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही!"