कमंडलूतलं पाणी

“वेद चावतात का, महाराज?”

रतनगिरी बुवा औदुंबराखाली भाकरी कुस्करत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. समोर भिवा उभा होता. हातात कोयता, डोळे तांबारलेले.

त्याचा धाकटा भाऊ लखू कुत्रं चावून गेला, त्याला आज अकरा दिवस झाले. चावणारं कुत्रं गावाने तेव्हाच मारलं होतं. तरी लखू गेल्यापासून भिवाने आणखी तीन मारली, चांगली धडधाकट. आता राहिलं होतं ते दत्ताच्या देवळातलं, बुवांच्या मांडीला टेकून पहुडलेलं.

“दत्ताच्या पायाशी चार कुत्री म्हणजे चार वेद, असं कीर्तनात सांगतात. मग माझ्या भावाला कोणता वेद चावला?”

“वेदांचं मला ठाऊक नाही,” बुवा म्हणाले. “हे कुत्रं भाकरी चोरतं, एवढं ठाऊक आहे.”

“बाजूला व्हा.”

बुवा हलले नाहीत. चावल्यावर जखमेला काय लावलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं.

“तिखट.”

“आणि दवाखाना?”

भिवाची मान खाली गेली. नुसतं खरचटलं होतं, तो पुटपुटला. लखू सुईला घाबरून रडला, म्हणून आपणच त्याला नेलं नाही. शेवटचे दोन दिवस पोरगा पाणी पाणी करायचा, आणि वाटी जवळ नेली की किंचाळायचा. एक थेंब घशाखाली उतरला नाही.

बोलता बोलता त्याने कोयता उगारला.

“सरका. नाहीतर तुमच्यावर बसेल.”

बुवा उठले आणि सरळ बाजूला झाले. कुत्रं उघड्यावर राहिलं. जीभ बाहेर काढून धापा टाकत ते भिवाकडे बघत होतं.

हात वरच राहिला…

बुवांनी त्याच्या डाव्या हातात कमंडलू दिला. मग रिकामी करवंटी पुढे केली.

“धरू कशी? हातात कोयता आहे.”

बुवांनी गाभाऱ्यातल्या मूर्तीकडे पाहिलं. तिच्या एका हातात त्रिशूळ होता, एका हातात कमंडलू.

“त्याला सहा हात आहेत, भिवा. तुला दोनच.”

कोयता पारावर ठेवल्याचा आवाज झाला.

भिवाने करवंटीत पाणी ओतलं, तसं कुत्रं लपालपा पिऊ लागलं. करवंटी संपली, भिवाने पुन्हा भरली. थोडं पाणी धुळीत सांडलं. त्याला ते पिणं बघवेना. त्याने तोंड फिरवलं.

“इकडे बघ,” बुवा म्हणाले. “अजून पितंय.”