फ्लॅशचे जुने सेल

वस्तू आपसात बोलत, त्या काळची गोष्ट. देवरुखच्या सुलभा शेट्ये लग्नाचे फोटो काढत. त्यांच्या बॅगेत चार्जिंगचे चार जुने सेल राहत. एका लग्नाच्या सकाळी त्यांच्याशेजारी पाकिटातले, एकदाच वापरायचे कोरे सेल येऊन बसले.

"आमच्यावर दीड व्होल्ट लिहिलंय," ते म्हणाले. "तुमच्यावर सव्वासुद्धा नाही."

थोरल्या जुन्या सेलला ते लागलं.

सुलभाताईंनी फ्लॅशमध्ये कोरे सेल घातले. आधी ठीक चाललं. मग अंतरपाट दूर झाला, नवरीने हार घातला आणि फ्लॅश कण्हला, "थांबा, हे वीज फार हळू देतात, अजून भरलो नाही." तो फोटो हुकला. नवरदेवाने हार उचलायच्या आत ताईंनी भराभर सेल बदलले.

"घे, हवं तेवढं घे," थोरला फ्लॅशला म्हणाला. फ्लॅश लखकन उजळला, लगेच भरला, पुन्हा उजळला. हार, अक्षता, नवरीच्या आईचे डोळे, काहीच सुटलं नाही.

संध्याकाळी ताईंनी जुन्या सेलना चार्जरमध्ये बसवलं.

"संपलात ना शेवटी?" कोऱ्यांनी विचारलं.

"रिकामे झालो," थोरला ताठ मानेने म्हणाला. "उद्या साखरपुडा आहे, भरून जाऊ."