चकव्याच्या कुरणात उलटा कोट

फार फार वर्षांपूर्वी, आयर्लंड नावाच्या हिरव्या बेटावर, एका गावाबाहेर एक कुरण होतं. दिसायला साधंच. पण त्यात चकवा आहे, असं गावातलं शेंबडं पोरही सांगे. धुक्यात आत शिरलेला माणूस तिथे गोल गोल फिरत राही. उपाय एकच. अंगातला कोट काढून उलटा घालायचा, की चकवा वाट सोडतो.

त्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं, आणि फेलिम मेंढपाळाची लेक तापाने फणफणली. औषध जाणणारी ब्रोनाआजी कुरणापलीकडे राही. वळसा घालायला वेळ नव्हता.

फाटकापाशी शेजारी भेटला. "फेलिम, कोट आधीच उलटा करून जा रे."

"चकव्यालाच सांग, माझ्या वाटेत येऊ नकोस म्हणून!" असं म्हणत फेलिम आत घुसला.

तो झपाझप चालला. समोर एक वाकडं काटेरी झाड आलं. त्याला मागे टाकून तो पुढे गेला, तर पुन्हा तेच झाड!

त्याचा हात कोटाच्या गुंड्यांकडे गेला आणि थबकला. बाहेरून कोट काळा, नेटका. आत मात्र बायकोने जुन्या लाल परकराची ठिगळं जोडून अस्तर लावलं होतं. बाजारात घामाघूम झाला तरी फेलिम कोट काढत नसे. कुणी पाहिलं तर?

मग त्याला लेकीची धाप आठवली.

"हसू देत," तो पुटपुटला. त्याने कोट उलटा घातला.

थोड्याच वेळात टेकाडावरून हाक आली. "अरे ए लालकोट्या! दलदलीत कुठे निघालास? डावीकडे ये!"

ती ब्रोनाआजी होती. हरवलेली शेळी शोधायला ती बाहेर पडली होती. "मघापासून काहीतरी हलत होतं," ती म्हणाली. "पण धुक्यात काळा कोट म्हणजे नुसता खडक. ओळखू कशी?"

"आजी, माझी लेक..."

"कळलं. चल, वाटेत सांग."

सकाळी ताप उतरला. मुलीने डोळे उघडले आणि दूध मागितलं.

फेलिमने सारी हकिगत गावाला सांगितली, ठिगळांसकट. चकव्याने वाट सोडली की आजीने दाखवली, यावर लोक अजून भांडतात. शेजारी मात्र गालात हसला आणि त्याने आपल्या कोटाची कड उलटून दाखवली. आत सासूबाईंच्या फाटक्या पडद्याचे तुकडे होते!

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो आपली ठिगळं लपवतो, तो मदतीला येणाऱ्यालाही दिसत नाही.