रविवारची सहाची वेळ

“…तर मग माझं चुकलं कुठे, ताई? तेवढं सांगा, की निघाले मी.”

शरयूताईंनी मान वर केली नाही. त्या पडवीत बसल्या होत्या. पुढ्यात ताटली, हातात अडकित्ता. कट् आवाज झाला आणि सुपारीचं एक खांड ताटलीत पडलं.

“बस,” त्या म्हणाल्या.

धनश्री बसली, पण बसल्यासारखी नाही. स्कूटरची किल्ली हातातच होती. म्हसळ्याहून श्रीवर्धनपर्यंत तिरमिरीत आलेली बाई, ती निवांत बसायला थोडीच आली होती!

शरयूताई तिच्या गुरू. मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या डायरेक्टरची सेक्रेटरी म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर गावी येऊन याच पडवीत मुलींना तेच काम शिकवायला घेतलं. फरक एवढाच, की आता साहेब शेजारच्या केबिनमध्ये नसतो. तो असतो परदेशात, आणि त्याच्या ईमेल, मीटिंगा, तिकिटं इथून घरबसल्या सांभाळायची. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात त्याला. त्यात धनश्री मोकल ही ताईंची सगळ्यात हुशार शिष्या. असं ताई कधी म्हणाल्या नव्हत्या हं, धनश्रीच म्हणायची.

“मेल पुन्हा वाच,” ताई म्हणाल्या.

धनश्रीने मोबाईल काढला. मेल टोरांटोच्या अभय कर्णिकांचा होता. हे तिचे पहिले साहेब. कुणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यांनी तिच्यावर विश्वास टाकला, म्हणून तिचा जीव होता त्यांच्या कामावर.

“‘या महिन्याअखेर आपण थांबूया. तुमच्या कामात काहीही दोष नाही. तुमच्या जागी येणाऱ्या मुलीला सगळं समजावून द्यावं.’ बस, एवढंच! दोष नाही म्हणतात आणि काढूनही टाकतात. याला काय अर्थ आहे, ताई?”

“दोष नाही असं लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“मग नसेल.”

आता मात्र धनश्रीच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

“ताई, थट्टा नको. मी रात्रभर विचार करतेय. एखादं साधन राहिलंय का माझं? कॅलेंडर माझ्याइतकं कुणाचं चोख नाही. पासवर्ड सगळे एका तिजोरीत. मीटिंग संपायच्या आत एआयकडून तिचा सारांश तयार. प्रत्येक प्रसंगाचे मसुदे लिहून ठेवलेत. आभाराचा वेगळा, आठवणीचा वेगळा, नकाराचा वेगळा…”

“शोकाचाही?”

“हो, शोकाचाही.”

कट्…

धनश्रीने मोबाईल खाली ठेवला. ताईंचे यजमान, आप्पा, गेले तेव्हा तिला यायला जमलं नव्हतं. तिने संदेश पाठवला होता. फार सुंदर संदेश होता तो, वाचून बरोबर शिकणाऱ्या दोघीतिघींनी मागूनही घेतला. पुढे कर्णिकसरांची आई गेली, तेव्हा तोच कामी आला. नाव तेवढं बदललं होतं.

ताईंनी दुसरी सुपारी अडकित्त्यात धरली.

“तू हुशार आहेस, धनू. सगळ्यात हुशारीचं असं नुकतं काय केलंस, ते सांग.”

हा प्रश्न धनश्रीला आवडला. गेल्या दोन दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच नीट विचारलं होतं. तिने मांडीवर लॅपटॉप उघडला, किल्ली बाजूला ठेवली आणि आता कुठे ती पडवीत खरी बसली.

“हे बघा. सरांच्या आठवड्यात अर्धा तास शिल्लक नसतो. दुबईची एक पार्टी कधीची मागे लागलेली, मोठं काम, पुलाचं डिझाईन. पहिल्या भेटीला त्यांना रविवारच हवा. सर म्हणायचे, वेळच नाही. मी काढला वेळ!”

“कुठून?”

“रविवारी आपले संध्याकाळचे सहा. सरांची तिकडे सकाळ असते. तिथे अर्धा तास नुसता अडवून ठेवलेला होता. नाव नाही, गाव नाही. दर आठवड्याला फुकट जायचा.”

“आधीपासून होता?”

“मी कामाला लागले तेव्हापासून आहे. त्या वेळी ते पेणला फोन करायचे, आईला. मीच लावून द्यायचे की! म्हातारीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे आधी मी बोलायचे, मोठ्याने. ‘आजी, अभय आलाय हो लाईनवर.’ मग ती म्हणायची, ‘जेवलास का रे?’ तिकडे सकाळ, हा नुकता उठलेला, आणि ही विचारतेय जेवलास का!”

धनश्री हसली. ताईही जराशा हसल्या.

“मग?”

“मग काय… दसऱ्याच्या आधी आजी गेल्या. पण ती वेळ तशीच राहिली. मी दोनदा विचारलं, सर, काढू का? म्हणाले, राहू दे. विसरले असतील नंतर. मी लक्ष ठेवून होते ना, त्या वेळात ते काहीसुद्धा करत नाहीत. फोन नाही, मेल नाही, नावापुढचा हिरवा ठिपकासुद्धा बंद. म्हटलं, आता कशाला विचारायचं? तिथे दुबई बसवून टाकली.”

“आले ते मीटिंगला?”

“वेळेवर! काम मिळालंसुद्धा. एक अक्षर बोलले नाहीत मला.”

“आणि हा मेल कधी आला?”

“दुसऱ्या दिवशी.”

“दुसऱ्या दिवशी…” ताई म्हणाल्या.

सुपारीच्या वाडीतून वारा आला. धनश्री ताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काहीतरी शिकवतील, एखादा नियम सांगतील, अशी वाट बघण्याची तिची जुनी सवय. ताईंनी नियम सांगितला नाही. कातरलेली सुपारी ओंजळीत घेतली आणि बाजूचा पितळी डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला होता. वरची थोडी सुपारी काळी पडायला आली होती. ताईंनी अंगठ्याने दाबून तीत नवी बसवली, झाकण लावलं आणि पुन्हा अडकित्ता हातात घेतला.

“अहो ताई, डबा भरलाय की!”

“हो.”

“आणि तुम्ही कुठे खाता सुपारी?”

“नाही खात.”

“मग ही कुणासाठी कातर…”

तिने मान वळवली.

धनश्रीला झोपाळा दिसला. शिकायला यायची तेव्हा याच वेळी आप्पा त्या झोपाळ्यावर येऊन बसायचे आणि न बोलता हात पुढे करायचे. ताई शिकवता शिकवता, त्यांच्याकडे न बघताच, त्या हातावर चार खांडं ठेवायच्या. एखादं खांड आप्पा धनश्रीलाही द्यायचे. “चघळ गं, डोकं चालतं,” म्हणायचे. आज झोपाळ्यावर कुणी नव्हतं. त्यावर धुतलेले कपडे वाळत घालायला चांगली जागा होती, पण एकसुद्धा कपडा नव्हता.

कट्…

धनश्रीची नजर खाली मांडीवर गेली. लॅपटॉपच्या पडद्यावर रविवारचा सहाचा चौकोन होता, दुबईच्या नावाने निळा रंगवलेला. तिनेच रंगवला होता. केवढी खूश झाली होती त्या दिवशी!

“ताई…” ती म्हणाली, “ते विसरले नव्हते.”

ताईंनी अडकित्त्यात नवी सुपारी धरली.

“ते तिथे बसत असतील. नुसते… आणि मी त्यांना तिथून उठवलं. राहू दे म्हणाले होते ते, तरी उठवलं.”

डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. तिला लाज वाटली, खूप लाज वाटली. काम जाणार याचं दुःख घेऊन ती आली होती, ते केव्हाच मागे पडलं होतं. रविवारच्या त्या फोनवर पेणच्या म्हातारीचा आवाज ऐकणारी, सर सोडून, ती एकटीच होती. आणि तिलाच कळलं नाही.

मग तिने नाक पुसलं, पदरासारखी ओढणी खोचली आणि कामाला लागली. शिष्या खरंच हुशार होती, त्यात खोटं नाही. दुबईला मेल गेला, सोमवारची दोन कामं सरकवून त्यांची पुढची मीटिंग तिथे बसली. रविवारचा निळा चौकोन पुसला. सहाची वेळ पुन्हा अडवली, दर रविवारसाठी. यंत्राने विचारलं, कधीपर्यंत? तिने तारीख घातली नाही.

“नाव काय देऊ, ताई? ‘आई’ लिहू?”

“आधी काय होतं?”

“काहीच नव्हतं. कोरं होतं.”

ताईंनी नुसतं पाहिलं. धनश्रीने कोरंच ठेवलं.

“आता सरांना माफीचा मेल लिहिते.”

“लिही.”

तिने बोटं ठेवली. ‘सर, तुमच्या आईच्या’ एवढं लिहिलं आणि बोटं थांबली. खोडलं. ‘सर, मला कळलं नाही की’ लिहिलं. तेही खोडलं. मसुद्यांची तिची एवढी मोठी पेटी, पण त्यात याच्यासाठी एक ओळ नव्हती. नवी लिहायला गेली, तर प्रत्येक ओळ त्या अर्ध्या तासात घुसून पुन्हा बोलायला लागत होती.

तिने लॅपटॉप मिटला.

“नाही लिहीत.”

“बरं.”

“पण मग…” आता ती लहान मुलीसारखी कळवळून म्हणाली, “त्यांना कसं कळणार, की मला कळलं? महिनाअखेर मी जाणार. त्यांच्या मनात मी तशीच राहणार, ताई. ती वेळ विकणारी मुलगी म्हणून!”

ताईंनी अडकित्ता खाली ठेवला. ताटलीतली चार खांडं उचलली, धनश्रीचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

“तुझ्या जागी नवी मुलगी येणार आहे ना?”

“हो.”

“तिला सांगून जा, रविवारचे सहा भरायचे नाहीत.”

“आणि का म्हणून विचारलं तर?”

ताईंनी पुन्हा अडकित्ता उचलला.

“ते सांगू नकोस.”