डफळ्यानं दिलेली सूट

लई मागली गोष्ट. तवा जनावरं बोलायची, अन् मानसापरीस नीट बोलायची.

धनगराच्या मेंढ्यांभवती वाघुरीचं जाळं असायचं अन् दारात डफळ्या कुत्रा. दिवस बुडाला की त्यो कुनालाच आत सोडायचा न्हाई. लंगडी मेंढी गवरा रोज मागं राहायची, ओढ्याच्या वाटेनं अंधारात यायची, अन् आत तिचं कोकरू दुधासाठी वरडायचं.

"मुडद्या, लेकरू उपाशी हाय माजं!"

डफळ्या विरघळला. "बरं. ओढ्याच्या वाटेनं येनाऱ्याला मी आडवनार न्हाई."

ही सूट कानावर पडलेला लांडगा दुसऱ्या सांजेला त्याच वाटेनं आला. "मी बी ओढ्याकडनंच आलो की, दादा."

डफळ्या बाजूला झाला. लांडगा थेट कोकराकडं वळला, तवा कुठं डफळ्याचं डोकं ठिकानावर आलं. झोंबाझोंबीत डफळ्याचा अर्धा कान गेला, पर कोकरू वाचलं.

मागनं गवरा आली, अन् कान बघून रडाय लागली.

"गप गं. सूट तुला द्यायची, तर म्या येड्यानं अख्ख्या वाटेला दिली. हिकडं ये, हुंगू दे."

"आता रोज हुंगनार व्हय रं?"

"रोज! ओळख पटल्याबिगर तुला बी सोडनार न्हाई."

गवरानं मान पुढं केली. हुंगता हुंगता त्यानं तिच्या लोकरीत अडकलेलं गोखरू दातानं हळूच काढून टाकलं.