मुग्धाचा डबा आणि कर्दळीतली परी

माझं कुणी ऐकलं नाही. शाळेची घंटा मी वाजवते, बागेला पाणी मी घालते, पण परी दिसली म्हटलं तर म्हणे, "मावशी, उन्हात फिरू नका!" बरं. मोठ्यांना नाही अक्कल, तुम्हा लहानांना आहे. तुम्ही ऐका.

नववीत बिजली नावाची पोरगी होती. तिची आई केरसुण्या वळून विकायची. बिजलीच्या डब्यात रोज भाकरी आणि चिमूटभर चटणी. त्यातलीही अर्धी भाकरी चिमण्यांना! पायात बूट नसायचे, म्हणून खेळाच्या तासाला ती एकटीच बागेत बसायची.

तिची जिवाभावाची मैत्रीण मुग्धा. मुग्धाची आई भारी सुगरण. दोघी एका बाकावर बसायच्या, एकमेकींच्या डब्यात जेवायच्या. आणि एक दिवस घात झाला. खेळाचा तास संपवून मुलं वर्गात आली, तर मुग्धाच्या डब्यात नुसता तुपाचा वास! पुढच्या खेळाच्या तासाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

"बाकी सगळे मैदानावर असतात," वर्ग म्हणाला. "मागे राहतं कोण? बिजली!"

मुग्धानं करंगळी पुढे केली. "कट्टी!" नववीतल्या घोड्या झाल्या, तरी करंगळी!

बिजली बागेत येऊन मुळुमुळु रडली. तेवढ्यात कर्दळीच्या लालचुटुक फुलातून एक इवलीशी परी बाहेर आली. मोरपंखी पंख, दवाच्या थेंबांचा मुकुट, पायात तांदळाएवढ्या चंदेरी वहाणा! मी पाण्याचा पाइप हातात धरून तशीच उभी राहिले.

"रडू नकोस, सोनुले," परी म्हणाली. "दोन इच्छा माग. पण स्वतःसाठी मागायचं नाही आणि कुणाचं वाईट मागायचं नाही."

"चोराचे दात पाड म्हण!" मी ओरडले.

"मावशी, इच्छा तिच्या आहेत," परी म्हणाली. फटकळच होती जराशी.

बिजली म्हणाली, "मुग्धाला भूक सोसत नाही. तिचा डबा भरू दे."

झुळझुळ झगमग! डब्यात केशरी-सोनेरी, मऊ मऊ पुरणपोळ्या!

वर्ग काय म्हणाला? "बघा, घाबरून परत आणून ठेवलं!"

"आधी चोरायचं आणि वर उपकार?" मुग्धा फणफणली. पोळ्या मात्र सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ल्या. मी खरं काय ते सांगायला गेले, तर बाई म्हणाल्या, "मावशी, पाणी प्या."

पुढचा खेळाचा तास संपवून मुलं वर्गात आली, तशी मुग्धा बाईंना म्हणाली, "उद्यापासून मला दुसरा बाक द्या." खिडकीतून ते बिजलीनं ऐकलं आणि तिचा चेहरा वाळल्या फुलासारखा झाला. परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "एक इच्छा उरलीय, सोनुले."

बिजलीनं डोळे पुसले. "डबा खाणारा फार उपाशी असेल गं. उपाशी पोट काय असतं, मला ठाऊक आहे. त्याचं पोट गच्च भरू दे."

मी कपाळ बडवून घेतलं. पण परीचे डोळे चमचमले. तिनं बिजलीच्या केसांवरून हात फिरवला, आणि केसांत चांदीची भुरभुर उतरली. अजून धुतली जात नाही ती. मग सगळी बाग सोनसळी उजेडानं न्हाली, आणि त्या उजेडात परी साखरेसारखी विरघळून गेली.

तोच खेळाच्या सामानाच्या खोलीतून ढेकर आला. "ऑऽऽब्ब!"

खिडक्या थरथरल्या, पारवे उडाले, आणि शाळाभर वेलचीचा वास सुटला. वर्ग धडाधडा बाहेर आला. बिजली तर समोर बागेत उभी!

सगळे ढेकराकडे धावले. मुग्धा तेवढी बिजलीकडे धावली. तिनं दोन बोटं पुढे केली. "बट्टी? माझंच चुकलं गं."

"बट्टी," बिजली म्हणाली. "पण बाक बदलू नकोस."

"वेडी आहेस का? बदलणार नाही, कधीच नाही!"

मी पुढे होऊन खोलीचं दार लोटलं. मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावून, मिशीला पुरण माखून, पोटावर हात ठेवून गाद्यांवर आडवे पडलेले, आणि दर ढेकरागणिक तोंडातली शिट्टी वाजवणारे ते कोण होते? दुसरं कोण असणार! पी.टी.चे ढमढेरे सर!